कडब्याची गवळाऊ, तणसाचा बालाघाट

१९३८ साली इंपीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्चने हिंदुस्थानातल्या महत्त्वाच्या गोवंशांची एक धावती पाहणी छापली. लेखक कर्नल आर्थर ऑलव्हर. हा मूळचा लष्करी पशुवैद्य, त्यामुळे नजर घोड्याबैलांच्या सांगाड्यावर बसलेली. कवटीची ठेवण, शिंगांची वळणे, कपाळाचा फुगीरपणा आणि रंग यांवरून त्याने देशातली गुरे गटागटांत वाटली. पांढऱ्या किंवा फिक्या करड्या रंगाची, आखूड शिंगांची, अरुंद लांब तोंडाची गुरे एका गटात गेली. या गटात हरियाना होती, आंध्रातली ओंगोल होती आणि या दोन टोकांच्या मधोमध, नागपूर-वर्ध्याच्या मुलखात, गवळाऊ.

ऑलव्हरच्या वर्गवारीतून पुढे एक कथाच तयार झाली. वायव्येच्या खिंडींतून आर्य आले, येताना पांढरी गुरे घेऊन आले, आणि ते ज्या वाटेने दक्षिणेत उतरले त्या वाटेवर भागनारी, हरियाना, गवळाऊ, ओंगोल अशा जाती मागे राहिल्या. कथा वाचायला छान आहे. पण वशिंडाचे गुरू माणसाळवले गेले ते सिंधूच्या खोऱ्यात, बलुचिस्तानातल्या मेहरगढच्या आसपास, सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी. आर्यांची वाट पाहत ही गुरे खिंडीपलीकडे थांबलेली नव्हती. तरीही गवळाऊ आणि ओंगोल शेजारी उभ्या केल्या तर सारखेपणा नजरेत भरतो, एवढे ऑलव्हरचे म्हणणे खरेच.

या जातीचा मुलूख सांगताना पुस्तके वर्धा, नागपूर, छिंदवाडा, शिवनी असे जिल्हे मोजतात आणि यादीच्या शेपटाकडे बालाघाटचे नाव घेतात. वर्ध्यातल्या आर्वी-आष्टी-कारंज्याचा भाग आणि सातपुड्याच्या उतारावरचा पट्टा हे जातीचे घर. बालाघाट ही ओसरी. असे का, या प्रश्नाला शास्त्रज्ञांनी फार हात घातला नाही. मला मात्र गवळाऊच्या साऱ्या इतिहासात तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर रक्तात कमी आणि गव्हाणीत जास्त आहे.

आधी जनावर पाहू. गवळाऊ उंच, हलकी, अंगाने अरुंद. गाय पांढरीशुभ्र, वळूच्या मानेवर, वशिंडावर आणि मागच्या फऱ्यांवर राखी झाक चढते. तोंड लांबट, डोळे बदामाच्या आकाराचे, शिंगे आखूड, बोथट. पाय सरळ आणि घट्ट. गाय साधारण साडेतीनशे किलोच्या आत-बाहेर. जड नांगर ओढणारे हे शरीर नव्हे. हे पळणारे शरीर आहे. रेंगीला जुंपलेली चांगली जोडी दुडकी धरते तेव्हा गाडीवानाला कासरा ढिला सोडावा लागतो, आवाज द्यायचे काम पडत नाही.

हे शरीर असे का घडले याची एक नोंद जोशी आणि फिलिप्स यांच्या १९५३ च्या ग्रंथात सापडते. हा ग्रंथ संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने काढला आणि भारत-पाकिस्तानातल्या वशिंडाच्या गुरांवर तो आजही पहिला उघडला जातो. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे गोंडवनाच्या प्रदेशात मराठी फौजांना सामानाची वाहतूक झपाट्याने करायची होती आणि त्या गरजेतून ही जात घडत गेली. काळ नागपूरकर भोसल्यांचा. रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४० च्या दशकात बंगालपर्यंत धडका मारत होत्या. अशा स्वाऱ्यांत दाणागोटा, तंबू आणि दारूगोळा वाहणारा बैल घोडदळाच्या फार मागे पडून चालत नाही. लांजीचा किल्ला आणि वैनगंगेचे खोरे याच भोसल्यांच्या अमलाखाली आले, तेव्हा ही जोडी बालाघाटच्या वाटांवरही धावली असणार. मात्र लष्कराने जात घडवली म्हणजे कुणी अधिकारी वंशावळी लिहीत बसला नव्हता. गवळी, गोवारी आणि शेतकरी यांनी पळणाऱ्या बैलाला जास्त दाम मिळताना पाहिला आणि तसाच गोऱ्हा वळू म्हणून राखला, बाकीचे बडवले. इतके सोपे आणि इतके कठोर शास्त्र.

बालाघाट जिल्हा १८६७ साली मंडला, शिवनी आणि भंडारा यांचे तुकडे जोडून तयार केला गेला. मध्य प्रांताच्या नागपूर विभागात त्याची गणना होई. वरचा बैहरचा भाग पठारी, जंगलाचा; खालचा वारासिवनी, कटंगी, लांजीचा भाग बांध्यांचा. बांधी म्हटली की धान आणि धान म्हटले की तणस. वर्ध्याकडे, काळ्या जमिनीत, ज्वारी होती आणि ज्वारीचा कडबा होता. या एका फरकाने जनावराच्या हाडात काय फरक पडतो हे समजायला आणखी ऐंशी वर्षे जावी लागली.

मधल्या काळात दुष्काळ आले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या ज्या जिल्ह्यांना जबर तडाखा बसला त्यांत बालाघाट वरच्या रांगेत. माणसे मेली तशी गुरेही मेली. बुळकांडीच्या साथी तर येतच होत्या. त्यांच्यासाठी सरकारने १८८९ साली पुण्यात जिवाणू प्रयोगशाळा काढली आणि ती चारच वर्षांत कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. सरकारी पशुविज्ञानाची पहिली चाळीसएक वर्षे अशी रोगाच्या मागे धावण्यात गेली. जनावर खाते काय आणि त्याचा बाप कोण, हे प्रश्न नंतरचे.

ते प्रश्न जोरात विचारले गेले ते १९२६ ते १९२८ या काळात. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखाली शेतीविषयक रॉयल कमिशन देशभर फिरले. कमिशनने गुरांबाबत जे लिहिले ते आजही बोचते. जिथे चारा निकृष्ट, तिथे गुरे कमी असायला हवीत. प्रत्यक्षात तिथे ती जास्त असतात. कारण निकृष्ट चाऱ्यावर गाय उशिरा विते, वासरू खुजे निघते, त्या खुज्या बैलाकडून काम होत नाही, मग शेतकरी आणखी गायी पाळतो, म्हणजे एखादा तरी कामाचा गोऱ्हा मिळेल. गायी वाढल्या की चारा आणखी विभागला जातो. हे चक्र सर्वांत घट्ट बसलेले होते ते धानाच्या मुलखात. लिनलिथगो पुढे १९३६ साली व्हाइसरॉय होऊन परतले आणि त्यांनी धनिकांना जातिवंत वळू दान करण्याचे आवाहन केले. कमिशनचे अध्यक्ष म्हणून त्यांनी चाऱ्याचे चक्र दाखवले होते, व्हाइसरॉय म्हणून त्यांनी वळू वाटले. पुढच्या सरकारांनीही बहुतेक हेच केले. वळूसोबत फोटो चांगला निघतो, चाऱ्याच्या गंजीसोबत निघत नाही.

चाऱ्याचे खरे काम दुसरीकडे चालू होते. बंगळूरला एफ. जे. वॉर्थ यांनी वीसच्या दशकात पशुआहाराचा पाया घातला. पुढे उत्तरेत बरेलीजवळच्या इज्जतनगरला के. सी. सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वर नेला. त्यांची पद्धत दिसायला कंटाळवाणी. बैल एका अरुंद खणात उभा करायचा. त्याला घातलेला चारा ग्रॅमपर्यंत मोजायचा, उरलेला मोजायचा. चोवीस तासांचे शेण आणि मूत्र वेगवेगळे गोळा करायचे, त्यातला नमुना काढून जाळायचा, राखेत कॅल्शियम किती आणि फॉस्फरस किती ते काढायचे. असे दिवसामागून दिवस. शेवटी हिशेब साधा: आत गेले त्यातून बाहेर आले ते वजा. शिल्लक उरली तर जनावर हाडे भरते आहे. वजा आकडा आला तर ते स्वतःची हाडे खाते आहे.

धानाच्या तणसावर ठेवलेल्या जनावरांचा आकडा वजा येत होता. तणसात कॅल्शियम अगदीच नाही असे नव्हे, पण ते जनावराच्या अंगी लागत नव्हते. तणसातले ऑक्झॅलेट त्याला धरून ठेवते. तलपात्रा, रे आणि सेन या तिघांनी १९४८ साली केंब्रिजच्या जर्नल ऑफ ॲग्रिकल्चरल सायन्समध्ये याच विषयावर निबंध छापला: ऑक्झॅलेट भरपूर असलेल्या आहारावर रवंथ करणारी जनावरे कॅल्शियम कसे वापरतात. कोटीपोटातले जिवाणू बरेचसे ऑक्झॅलेट फोडतात, तरीही तणसातले कॅल्शियम पुरेसे हाती लागत नाही. फॉस्फरस तर मुळातच कमी. प्रथिने तीन-चार टक्क्यांवर अडकलेली. वर सिलिका इतकी की धानाचे पान त्याच्या काडीपेक्षा पचायला जड. इतर गवतांत हे उलटे असते. सेन यांच्या गटाने युद्धाच्या वर्षांतच तणस सौम्य क्षाराच्या पाण्यात भिजवून आणि धुऊन पाहिले होते. त्याने पचन सुधारले आणि कॅल्शियमचा हिशेबही. जर्मनीत बेकमन याने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गव्हाच्या काडावर हीच क्लृप्ती काढली होती. मात्र कॉस्टिक सोडा आणि वाहते पाणी दोन्ही गोठ्यात हवे, हे वारासिवनीच्या शेतकऱ्याला कोण सांगणार?

आर्वीची कालवड कटंगीत आणून बांधली तर तिच्या तिसऱ्या पिढीत उंची का उतरते, याचे उत्तर या राखेच्या हिशेबात आहे. गवळाऊचा मुलूख बालाघाटच्या सीमेवर आल्यावर पातळ का होतो, याचेही. जात संपत नाही, कडबा संपतो.

धानाच्या मुलखाने यावर स्वतःचा उपाय काढलेला होता. धान कापायच्या आधीच ओल्या बांधीत लाखोळी, जवस, हरभरा फेकायचा. धान उचलले की खालून हे पीक वर येते. याला उतेरा म्हणतात. लाखोळीचे कुटार तणसात कालवले की बैल गव्हाण चाटून पुसून ठेवतो, शिवाय डाळवर्गीय असल्याने तणसात नसलेली प्रथिने आणि कॅल्शियम तेच पुरवते. लाखोळीची डाळ सतत आणि जवळजवळ तीच एक खाल्ली तर माणसाचे पाय लुळे पडतात, म्हणून १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. बंदीमागचे कारण रास्त होते. पण हे पीक माणसाच्या ताटाइतकेच बैलाच्या गव्हाणीसाठी पेरले जाते, ही बाजू त्या चर्चेत क्वचितच कुणी मांडली. आहारशास्त्राच्या दोन शाखा, एक माणसाची आणि एक जनावराची, एकाच बांधीवर उभ्या असूनही एकमेकींशी बोलल्या नाहीत.

चाळीसच्या दशकात या साऱ्याचे केंद्र काही काळ वर्ध्याला होते. जमनालाल बजाज यांनी आयुष्याचे अखेरचे महिने गोसेवेला वाहून घेतले, गोपुरीला झोपडीत राहिले, आणि १९४२ च्या फेब्रुवारीत तिथली गोसेवा परिषद संपल्यावर अवघ्या दहा-बारा दिवसांत वारले. गांधीजी स्वतः १९२७ साली बंगळूरच्या सरकारी डेअरीत जाऊन गोपालनाचे धडे घेऊन आले होते. त्यांच्याभोवतीच्या यशवंत महादेव पारनेरकरांसारख्या मंडळींना विज्ञानाचे वावडे नव्हते. सतीशचंद्र दासगुप्तांनी १९४५ साली गायीवर जो दोन खंडांचा ग्रंथ काढला त्यात जाती, चारा, खनिजे, रोग सगळे आहे. या मंडळींचा आग्रह एवढाच, की जवळची जात घ्या, तिलाच नीट खायला घाला, आणि तिच्यापासून दूधही घ्या आणि बैलही. योगायोग असा की त्यांच्या अंगणातली जात गवळाऊच होती. पुढे वर्धा जिल्ह्यातच हेटीकुंडीला गवळाऊचे सरकारी प्रक्षेत्र चालले. बालाघाटकडे बैहरच्या पलीकडे गढीला सरकारी पशुप्रजनन प्रक्षेत्र आहे, पण गवळाऊची म्हणून कुणी नाव घेते ते हेटीकुंडीचे.

मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. राज्यपुनर्रचनेत वर्धा, नागपूर, भंडारा मुंबई राज्यात गेले. बालाघाट, शिवनी, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिले. माणसांच्या भाषेचा निवाडा झाला; एका गोवंशाचा मुलूख मात्र मधोमध चिरला गेला, आणि त्याची दखल कुणी घेतल्याचे दिसत नाही. नागपूरला १९५८ साली पशुवैद्यक महाविद्यालय निघाले, जबलपूरला ते १९४८ पासूनच होते. बालाघाट आता जबलपूरकडे तोंड करून बसला. जातीचे प्रक्षेत्र एका राज्यात, जातीची निम्मी गावे दुसऱ्या राज्यात, आणि वळू किंवा वीर्य या रेषेवरून नेणे म्हणजे दोन सचिवालयांचा पत्रव्यवहार.

हे नेमके त्या वेळी झाले जेव्हा प्रजननशास्त्राला मोठे कळप लागू लागले होते. वळू दूध देत नाही, त्यामुळे त्याच्या अंगी दुधाचा गुण किती हे त्याच्या मुलींवरूनच ठरवावे लागते. एका वळूच्या अनेक मुली, अनेक गोठ्यांत, आणि प्रत्येकीच्या दुधाची नोंद. देशी कालवड चार वर्षांच्या आसपास पहिल्यांदा विते, त्यात तिचे एक वेत मोजायचे. निकाल लागेपर्यंत वळू आठ वर्षांचा झालेला असतो. युरोपात कृत्रिम रेतनाने आणि १९५० च्या सुमारास सापडलेल्या वीर्य गोठवण्याच्या तंत्राने हे गणित सोडवले. भारतात १९३९ साली म्हैसूरला पहिला प्रयोग झाला, १९४२ पासून इज्जतनगरला पद्धतशीर काम सुरू झाले, आणि पहिल्या पंचवार्षिक योजनेत ‘की व्हिलेज’ योजनेतून ते गावांकडे निघाले. पण नोंदवही कुठे होती? बालाघाटच्या गावात एकेका घरी दोन-तीन गायी, सगळ्या गायकीच्या, म्हणजे गुराख्याच्या, एकाच खांडात चरणार, कुठली कुणाला फळली ते गायकीलाही सांगता येणार नाही.

त्याहून मोठी गोम मोजमापातच होती. शास्त्राने दूध मोजले. गवळाऊ एका वेतात सरासरी सहाशे किलोच्या आसपास दूध देते. साहिवालच्या चांगल्या कळपात हा आकडा दोन हजारांपलीकडे जातो. तुलना संपली. ज्या गुणासाठी दोनशे वर्षे ही जात निवडली गेली, तो गुण कोणत्याही तक्त्यात नव्हताच. तासाला किती कोस, ओझे किती, ऊन किती, आणि संध्याकाळी दम किती उरला, हे कुणी मोजले नाही. जी वस्तू मोजली जात नाही तिच्यासाठी निवड होत नाही, आणि निवड थांबली की गुण ढिला पडायला चार-पाच पिढ्या पुरतात.

१९६० च्या दशकापासून संकराचे वारे आले. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बाएफ ही संस्था काढली आणि होल्स्टिन, जर्सीचे वीर्य शेतकऱ्याच्या दारात नेले. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने गीर, होल्स्टिन आणि जर्सी यांच्या रक्तातून फुले त्रिवेणी तयार केली. नगर-पुण्याकडे हे जमले, कारण तिथे उसाचे वाढे होते, विहिरीवरचा घास होता, दूध उचलणारा संघ होता. तणसावरच्या बालाघाटात संकरित गायीची पहिली भूकच भागत नव्हती. तिच्या गोऱ्ह्याला वशिंड नावापुरते, जू टिकायचे कशावर?

धानही बदलले. साठच्या दशकाच्या मध्यात ताइचुंग आणि आयआर-८ ही बुटकी वाणे आली. दाणा वाढला, काडी आखूडली. उंच वाढणारा चिन्नोर, ज्याला २०२१ साली बालाघाटच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले, तो दाण्याला कमी पण तणसाला भरघोस. धान-संशोधकाच्या लेखी ती काडी म्हणजे वाया गेलेले अन्न होते; आता हार्वेस्टर फिरतो आणि उरलेली काडीही बांधीतच पडून राहते. ऐंशीच्या दशकात तणसावर युरियाची प्रक्रिया करण्याची मोहीम निघाली: शंभर किलो तणसाला चार किलो युरिया, पाण्यात विरघळवून शिंपडायचा, गंजी दाबून झाकायची, तीन आठवड्यांनी उघडायची. भारत-डच प्रकल्पाने देशभर याचे प्रयोग केले. तणस खरोखर मऊ होते, प्रथिनांचा आकडा दुप्पट होतो. तरी शेतकऱ्याने ते फारसे घेतले नाही. तीन लिटर दूध देणाऱ्या गायीसाठी एवढा उपद्व्याप परवडत नाही, हे त्याने संशोधकांच्या आधी ताडले.

गवळाऊच्या बहिणीचे नशीब वेगळे निघाले. ओंगोल गेल्या दीड शतकात ब्राझीलला गेली, तिथे तिला नेलोरे म्हणतात, आणि आज त्या देशातल्या मांसाच्या गुरांचा कणा तीच आहे. ब्राझीलच्या पशुपालकांनी वंशावळ्यांच्या वह्या काढल्या, उबेराबात संघटना बांधली, आपल्याला काय हवे ते ठरवले आणि तेवढेच मोजले. त्यांना मांस हवे होते, मोजणे सोपे गेले.

आपल्याकडे वेग मोजणारी एकच जागा उरली होती: शंकरपट. भंडारा, गोंदिया आणि बालाघाट या पट्ट्यात पीक निघाल्यावर पट भरतो, जोड्या धावतात, घड्याळ लावून सेकंद मोजले जातात, आणि जिंकलेल्या जोडीचा भाव पटावरच चढतो. सरकारी नोंदवहीत नसलेला रकाना इथे दरसाल भरला जात होता, जनावराचे हाल होतात हा आक्षेप खरा धरूनही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त वाट मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली.

त्याच २०२१ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादच्या एका संशोधन संस्थेने ‘इंडिगौ’ नावाची जनुकीय चिप आणली. देशी गोवंशासाठी बनवलेली ही पहिली चिप, तिच्यावर साडेअकरा हजारांच्या घरात जनुकीय खुणा. आता वळू आठ वर्षांचा होण्याची वाट पाहायला नको. वासराच्या रक्ताच्या थेंबावरून अंदाज बांधता येतो, अट एवढीच की आधी हजारो जनावरांचे मोजमाप हाताशी असावे. भोपाळच्या भदभदा केंद्रात मध्य प्रदेश सरकारने लिंगनिश्चित वीर्याची प्रयोगशाळाही उभारली आहे. अशा वीर्यातून शंभरात नव्वद वासरे कालवडी निघतात. दुधाच्या गायीसाठी हे वरदानच. गवळाऊच्या बाबतीत मात्र ज्यासाठी गाय पाळायची तो गोऱ्हाच या मात्रेतून वगळलेला असतो, आणि पटावर धावायला जोडी लागते ती गोऱ्ह्यांची.